घर ते गोठा जमिनीतून केबल: किती जाड घ्यायची, जोड कुठे आणि कसा मारायचा

संगमनेर भागातल्या एका दूध उत्पादक शेतकऱ्याचा प्रश्न आहे. घरापासून १४० मीटरवर नवा मुक्त गोठा बांधलाय, कोबा अजून व्हायचाय. गोठ्यात ३ एचपीची सिंगल फेज कडबाकुट्टी, १ एचपीचं मिल्किंग मशीन, चार पंखे आणि एलईडी दिवे चालवायचे आहेत. सध्या बांबूवरून लोंबती सर्व्हिस वायर नेली आहे, ती पावसाळ्याआधी काढून जमिनीतून केबल टाकायची आहे. घरी जुन्या बोअरची १० स्क्वेअरची (म्हणजे १० चौरस मिलिमीटर तारेची) दोन कोअर अ‍ॅल्युमिनियम आर्मर्ड (लोखंडी तारांचं कवच असलेली) केबल ९० मीटर शिल्लक आहे. गावातला मुलगा म्हणतो, तसलीच ६० मीटर आणू, पीळ मारून जोडू, टेप गुंडाळू, वर प्लास्टिकची बाटली चढवू आणि पुरू. दुसऱ्या कोणी सबमर्सिबलची चपटी केबल काळ्या पाइपातून ओढायला सांगितलंय. यातलं काय करावं? की तांब्याची केबल घ्यावी? संध्याकाळी घरात व्होल्टेज २०५ च्या आसपास असतं.

दादा, आधी थेट उत्तर देतो. दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. २५ स्क्वेअरची दोन कोअर अ‍ॅल्युमिनियम एक्सएलपीई (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचं आवरण असलेली) आर्मर्ड केबल एकसंध १५० मीटर घ्या, म्हणजे जमिनीत जोड येणारच नाही. अखंड केबल कोणत्याही कारणाने जमली नाही, तर जोड जमिनीच्या वर आणून पेटीत करा. जमिनीतच करावा लागला तर किट वापरून करा. टेप आणि बाटली मात्र नाही म्हणजे नाही.

आता असं का, ते सांगतो.

तुमच्या हातात असलेली १० स्क्वेअरची केबल तापणार नाही. जमिनीत पुरलेल्या त्या केबलला २० अँपिअर म्हणजे काहीच नाही. म्हणूनच दुकानदार छातीठोकपणे सांगतो की चालेल. पण लांब अंतरावर अडचण तापण्याची नसते, व्होल्टेज पडण्याची असते. १० स्क्वेअर अ‍ॅल्युमिनियमचा रोध २० अंशांना किलोमीटरमागे ३.०८ ओहम, १६ स्क्वेअरचा १.९१ आणि २५ स्क्वेअरचा १.२० ओहम असतो. केबल थोडी कोमट झाली की त्यात दहा टक्के वाढ धरायची. तुमची लांबी १५० मीटर, पण वीज फेजने जाते आणि न्यूट्रलने परत येते, म्हणून हिशेब ३०० मीटरचा. म्हणजे १० स्क्वेअरला साधारण १ ओहम, १६ ला ०.६३ आणि २५ ला ०.४ ओहम.

३ एचपीची सिंगल फेज कुट्टी भरात असताना १५-१६ अँपिअर घेते. पंखे-दिवे मिळून २ धरा. १८ अँपिअरला १० स्क्वेअरवर १८ व्होल्ट पडतील, १६ वर ११ आणि २५ वर ७. दुपारी घरात २३० असताना यातलं काहीही चालून जाईल. पण संध्याकाळी तुमच्याकडे २०५ असतं, तेव्हा १० स्क्वेअरवर गोठ्यात १८७ पोचतील. खरी परीक्षा पुढे आहे. मोटर सुरू होताना पाचपट प्रवाह ओढते. व्होल्टेज पडलं की तो प्रवाहही कमी होतो, हे धरूनसुद्धा १० स्क्वेअरवर सुरुवातीच्या क्षणी मोटरला साधारण १५० व्होल्ट मिळतात आणि २५ स्क्वेअरवर १८०. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. २३० ला जो जोर, त्याच्या ४३ टक्के जोर १५० ला उरतो आणि १८० ला ६१ टक्के. गव्हाणीत ओली मका किंवा हत्तीगवत टाकलेलं असताना ४३ टक्क्यांवर मोटर नुसती गुरगुरत बसते. मग कॅपॅसिटर बदला, मग वाइंडिंग जळालं म्हणून भरून आणा, असं चक्र सुरू होतं. मोटरला दोष लावतात आणि केबलकडे कुणी बघत नाही.

जाड केबलचा दुसरा फायदा फार लोकांना माहीत नसतो. गोठ्याच्या टोकाला फेज-न्यूट्रल एकमेकांना चिकटले तर घरातला एमसीबी झटक्यात पडला पाहिजे. सी प्रकारचा २५ अँपिअरचा एमसीबी क्षणात पडायला १२५ ते २५० अँपिअर लागतात. घरापर्यंतच्या पुरवठ्याचा रोध अर्धा ओहम धरला, तर २५ स्क्वेअरच्या टोकाला शॉर्ट झाल्यावर २५० च्या वर प्रवाह जातो आणि एमसीबी पडतो. १० स्क्वेअरवर तोच प्रवाह १५० च्या आसपास राहतो. मग तो लगेच पडेल की काही सेकंद ठिणग्या उडत राहतील, हे नशिबावर. शेजारी कडब्याची गंजी असेल तर ते काही सेकंद फार महाग पडतात.

म्हणून घरी सी-२५ लावा आणि एक पथ्य पाळा: कुट्टी आणि मिल्किंग मशीन एकाच वेळी चालवू नका. तसंही धारेच्या वेळी कुट्टीचा आवाज नकोच, गाय पान्हा चोरते.

तांब्याची घ्यावी का, असंही तुम्ही विचारलंय. १६ स्क्वेअर तांबं आणि २५ स्क्वेअर अ‍ॅल्युमिनियम यांचा रोध जवळजवळ सारखाच असतो. तांबं जोडायला सोपं, टिकायला चांगलं, यात वाद नाही. पण किंमत कितीतरी जास्त, आणि विहिरीवरच्या तांब्याच्या केबली चोरीला जाण्याचं प्रमाण तुम्हाला मी सांगायला नको. गोठ्यासाठी अ‍ॅल्युमिनियमच घ्या आणि वाचलेले पैसे आरसीसीबी (जमिनीत वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंगवर खर्च करा.

थ्री फेजचा विचार करायला हरकत नाही. ३ एचपीची थ्री फेज मोटर फेजमागे ५ अँपिअरच्या आसपास घेते आणि ४ कोअर १० स्क्वेअर केबल तिला पुरून उरते. पण ते घरच्या मीटरला गावठाण फिडरवरून (गावातल्या घरांच्या लाइनवरून) थ्री फेज असेल तरच. शेतीच्या फिडरवर थ्री फेज दिवसातले ठराविक तासच असते, आणि धार काढायची वेळ काही त्या वेळापत्रकावर चालत नाही. पंपाच्या कनेक्शनवरून गोठा चालवू नका. वापराचा वर्ग बदलला की दरही बदलतो. गोठा कोणत्या वर्गात बसतो आणि घरचा मंजूर भार वाढवावा लागेल का, हे महावितरणच्या उपविभागात आधी लेखी विचारा.

केबल विकत घेताना तिच्या अंगावरची अक्षरं वाचा. आयएस (भारतीय मानक) ७०९८ भाग १ म्हणजे एक्सएलपीई, आयएस १५५४ भाग १ म्हणजे जाड पीव्हीसी. दोन्ही ११०० व्होल्टच्या आणि दोन्ही पुरायला चालतात, पण एक्सएलपीई ९० अंशांपर्यंतची असते, पीव्हीसी ७० ची, आणि ओलाव्यातही एक्सएलपीई जास्त टिकते. ‘ए टू एक्स डब्ल्यू वाय’ लिहिलं असेल तर अ‍ॅल्युमिनियम, एक्सएलपीई, गोल तारेचं आर्मर आणि बाहेर पीव्हीसी. डब्ल्यूच्या जागी एफ असेल तर आर्मर चपट्या पट्टीचं. तुमच्या कामाला दोन्ही चालतात. आयएस ६९४ लिहिलेली केबल ही घरातल्या वायरिंगची किंवा लवचीक केबल. सबमर्सिबलची चपटी केबल याच प्रकारात येते. ती विहिरीत पाण्यात लोंबायला बनवली आहे, मातीत दाबून राहायला नाही. तिच्यावर आर्मर नसतं, म्हणजे उंदराच्या दाताला आणि कुदळीला ती उघडीच. पाइपात घातली तरी पाइपात पाणी साचतं, उंदीर टोकाकडून आत शिरतो, आणि बिघाड झाला की १५० मीटर पाइपात तो शोधायचा कसा? शिवाय तसली ४ स्क्वेअर तांब्याची लवचीक केबल धरली तर रोध किलोमीटरमागे ४.९५ ओहम, म्हणजे तुमच्याकडच्या १० स्क्वेअर अ‍ॅल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त.

मीटरवर कापून देणाऱ्या दुकानातून घेताना ड्रमवरून तुमच्यासमोर कापून घ्या. लांबीचे आकडे केबलवर छापलेले असतात, ते दोन्ही टोकांना मिळवून बघा. कापल्या कापल्या दोन्ही टोकांना टोपी चढवा, किमान टेप आणि प्लास्टिक पक्कं बांधा. उघड्या टोकातून शिरलेलं पाणी अ‍ॅल्युमिनियमच्या तारांमधल्या फटींतून आत कित्येक मीटर सरकत जातं. मग बाहेरून नवी कोरी दिसणारी केबल आतून आधीच सडायला लागलेली असते.

आता चर. आयएस १२५५ प्रमाणे लघुदाब केबल जमिनीत किमान ७५ सेंटिमीटर खोल आणि रस्ता ओलांडताना १ मीटर खोल असावी. नांगरटीच्या रानात मी तिथेही १ मीटरच धरतो. पलटी नांगर फूट-सव्वा फूट जातो, पण सबसॉयलर दीड-दोन फूट उतरतो, आणि पुढच्या वर्षी त्या रानात काय चालवाल ते आज सांगता येत नाही. त्यापेक्षा चर रानातून नेऊच नका. बांधाच्या कडेने, बांधापासून दीड-दोन फूट सोडून न्या. लांबी दहा-पंधरा मीटर वाढली तरी चालेल, मात्र केबल तेवढी जास्त घ्या. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती घ्या. पाण्याच्या पाइपलाइनपासून फूटभर अंतर ठेवा, कारण पाइप फुटल्यावर खोदणारा माणूस केबल आहे हे विसरलेला असतो.

तुमची जमीन काळी भारी. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात ताणून टाकलेली केबल वर्षानुवर्षं ओढली जाते आणि सगळा ताण शेवटी कमजोर जागी येतो. कमजोर जागा म्हणजे जोड किंवा पेटीतला लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा). म्हणून केबल सरळ ताणून टाकायची नाही. चरात सापासारखी हलकी नागमोडी टाका आणि दोन्ही टोकांना एकेक मोठा वेढा मातीत राखून ठेवा. वळण देताना केबलच्या जाडीच्या बारापट त्रिज्येपेक्षा लहान वळण देऊ नका. केबल २० मिलिमीटर जाड असेल तर २४ सेंटिमीटर.

चराच्या तळाला ७५ मिलिमीटर वाळू किंवा चाळलेली बारीक माती, त्यावर केबल, वर पुन्हा तेवढीच वाळू. मुरमाचा खडा थेट केबलवर येऊ द्यायचा नाही, कारण वरून ट्रॅक्टर गेला की तो बाहेरच्या पीव्हीसीत रुततो. वाळूवर भट्टीच्या विटा लांबीच्या दिशेने ओळीने मांडा. १५० मीटरला साडेसहाशे-सातशे विटा लागतील. शहाबादीचे तुकडे पडून असतील तर तेही उत्तम. निम्मी माती भरल्यावर धोक्याची रंगीत पट्टी टाका, मग उरलेली माती. चराच्या वर मातीचा चांगला माथा ठेवा. पहिल्या पावसात तो बसतो, आणि माथा ठेवला नाही तर तिथे नालीच तयार होते. वाट ओलांडताना केबल जाड डीडब्ल्यूसी (दुहेरी भिंतीच्या, बाहेरून वळ्यांच्या प्लास्टिक) पाइपातून न्या. गोठ्याजवळ मलमूत्राच्या नालीखालून केबल नेऊ नका. ते पाणी आर्मरच्या लोखंडाला लवकर खातं.

आता जोडाविषयी जरा सविस्तर, कारण बहुतेक केबली जोडातच मरतात.

टेप गुंडाळून पुरलेले जोड मी पुष्कळ उकरून पाहिले आहेत. टेप सोडवली की आत अ‍ॅल्युमिनियमच्या जागी पांढरी पूड निघते. घडतं ते असं. अ‍ॅल्युमिनियमवर हवा लागताक्षणी ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो वीज जाऊ देत नाही. नुसता पीळ मारला की दोन तारा खऱ्या अर्थाने एकमेकींना भिडतच नाहीत, काही ठिपक्यांवरच टेकतात. तिथे जागा तापते. अ‍ॅल्युमिनियम मऊ, तापलं की दाबाखाली सरकतं आणि गार झालं की पूर्वीच्या जागी येत नाही. त्यामुळे पीळ दर दिवशी थोडा सैल होतो. टेपचा डिंक ओलाव्यात सुटतो, पाणी आत जातं, आणि वीज चालू असताना ओलसर अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने झिजतं. आधी दिवे मिणमिणतात, मग कुट्टी उचलत नाही, मग एखाद्या पावसाळी रात्री सगळंच बंद. त्याआधी तो जोड ओल्या जमिनीत वीज सोडत राहिलेला असतो, ते वेगळंच. बाटली चढवल्याने पाणी अडत नाही, आत गेलेलं पाणी मात्र साठून राहतं.

तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना थेट पिळणं तर आणखी वाईट. ओलावा मिळाला की त्या दोन धातूंची बॅटरी बनते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. तिथे बायमेटॅलिक (दोन्ही धातूंचं बनवलेलं) लग किंवा फेरूल (दोन टोकं जोडायची नळी) लागतं.

एकसंध केबल मिळत नसेल तर माझी पहिली पसंती जमिनीवरच्या पेटीला. बांधावर, पाणी साचत नाही अशा जागी दीड-दोन फूट उंचीचा काँक्रीटचा ओटा करा. त्यावर आयपी ६५ दर्जाची (धूळ-पाणी आत न जाणारी) पॉलिकार्बोनेट किंवा एफआरपीची (फायबरची) पेटी बसवा. दोन्ही बाजूंच्या केबली खालून ग्लँडमधून (केबल घट्ट पकडणाऱ्या तोंडातून) आत घ्या, टोकांना अ‍ॅल्युमिनियमचे लग क्रिम्प करा (औजाराने दाबून बसवा) आणि टर्मिनलवर बोल्टने आवळा. आर्मरही दोन्ही ग्लँडमधून तारेने एकमेकांना जोडा. पेटीला कुलूप लावा, ग्लँडभोवतीची एकूण एक फट बुजवा. मुंग्या आणि पाली उबेला पेटीत येतात आणि टर्मिनलवर वारूळ करतात, हे शेतात नेहमीचंच. गुरं पेटीला अंग घासतात, म्हणून भोवती चार खांब आणि आडव्या पट्ट्या असू द्या. एवढं केलं की जोड डोळ्यासमोर राहतो. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सुमाराला, मेन बंद करून बोल्ट आवळता येतात आणि बिघाड कुठल्या बाजूला आहे तेही तिथूनच तपासता येतं. जमिनीतला जोड कितीही सुंदर केला तरी ही सोय देत नाही.

जमिनीतच जोड करावा लागला तर किट दोन प्रकारचं मिळतं: हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणाऱ्या नळ्यांचं) आणि रेझिन ओतायचं. किट तुमच्या केबलच्या मापाचं आणि आर्मर्ड केबलचंच मागा. काम कोरड्या दिवशी करायचं. दोन माणसं बसतील एवढा खड्डा करा, खाली ताडपत्री टाका, दोन्ही बाजूंना केबलचा एकेक वेढा शिल्लक ठेवा. हीट श्रिंक करणार असाल तर जाड नळ्या आधीच केबलवर सरकवून ठेवायला विसरू नका, जोड झाल्यावर त्या चढत नाहीत. बाहेरचं पीव्हीसी सोलून आर्मरच्या तारा मागे वळवा. दोन कोअरचे जोड शेजारी शेजारी येऊ देऊ नका, एक पुढे आणि एक मागे ठेवा, म्हणजे जाडीही कमी राहते आणि दोन जोडांमध्ये अंतरही पडतं. इन्सुलेशन सोलताना तारेवर पात्याचा चरा उमटू देऊ नका, तार तिथेच तुटते.

मग सगळ्यात महत्त्वाचं काम. अ‍ॅल्युमिनियम तारेच्या ब्रशने चकचकीत घासा आणि लगेच, चहा पिऊन आल्यावर नाही, जोडाचं कंपाउंड लावा. फेरूल २५ स्क्वेअरचंच आणि अ‍ॅल्युमिनियमचंच घ्या. ते योग्य डाय लावलेल्या क्रिम्पिंग टूलने मधून बाहेरच्या दिशेने दाबा. पक्कडीने किंवा हातोड्याने चेपलेलं फेरूल हा जोड नव्हे. दाबल्यावर आलेले टोकदार कंगोरे कानशीने घासा, नाहीतर ते नळीला आतून भोक पाडतात. आतली चिकट थराची नळी मध्यावर आणून गॅसच्या मऊ पिवळ्या ज्योतीने मधून कडांकडे आकसवा, म्हणजे हवा आत कोंडत नाही. कडेला डिंक बाहेर आलेला दिसला पाहिजे. दोन्ही बाजूंचं आर्मर कल्हई केलेल्या तांब्याच्या वेणीने आणि क्लँपने जोडा. ही पायरी लोक गाळतात आणि मग निम्म्या केबलचं आर्मर अर्थशिवाय राहतं. शेवटी बाहेरची मोठी नळी. पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका.

रेझिनच्या किटात ज्योत लागत नाही. आजूबाजूला कडबा असेल तर मी तेच घेतो. फेरूल आणि आर्मरची जोडणी तशीच करायची, मग साचा समपातळीत बसवून, पिशवीतले दोन भाग नीट मिसळून, वरच्या तोंडातून काठोकाठ ओतायचे आणि घट्ट होईपर्यंत थांबायचं. जोडाची जागा नकाशावर मापं टाकून लिहून ठेवा आणि वर दगड रोवा.

आता गुरांच्या जिवाचा भाग. कृपा करून हा खर्च वाढतो म्हणून सोडू नका.

गाईचे चार पाय ओल्या जमिनीवर, पुढच्या आणि मागच्या पायांत पाच फुटांचं अंतर, खुरात चप्पल नाही. जमिनीत वीज उतरली की माणसाला नुसती झिणझिणी येते तिथे गाय कोसळते. आणि एमसीबी तिला वाचवत नाही. हिशेब बघा: गोठ्याच्या अर्थिंगचा रोध १० ओहम आहे, जो वाईट मानला जात नाही. फेजची तार लोखंडी खांबाला टेकली तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर जमिनीत जातील. २५ चा एमसीबी यावर पडणारच नाही आणि खांबात वीज खेळत राहील. इथे आरसीसीबी लागतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर अर्थिंग १०० ओहम असलं तरी खांबावर ३ व्होल्ट चढतील एवढ्या गळतीलाच तो पडतो.

घरी केबलच्या सुरुवातीला १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा, एस प्रकारचा म्हणजे थोडा उशिराने पडणारा आरसीसीबी लावा. तो जमिनीतल्या केबलची राखण करेल. गोठ्यात ३० मिलिअँपिअरचे दोन लावा: एक कुट्टी आणि मिल्किंग मशीनचा, दुसरा दिवे-पंख्यांचा. म्हणजे धार चालू असताना मशीनमुळे एक पडला तरी अंधार होत नाही. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. पडला नाही तर त्याच दिवशी बदलायचा.

केबलचं आर्मर घराच्या अर्थला जोडा. गोठ्याच्या टोकाला मात्र केबल प्लास्टिकच्या पेटीत संपवा आणि आर्मर गोठ्याच्या कुठल्याही लोखंडाला लागू देऊ नका, म्हणजे घरातल्या फ्रिजचा किंवा गिझरचा बिघाड आर्मरवरून गाईपर्यंत पोचणार नाही. गोठ्याला स्वतःचं अर्थिंग करा: ४० मिलिमीटरचा जीआय पाइप, अडीच-तीन मीटर खोल, कायम ओल राहील अशा जागी. मग गव्हाणीचं लोखंड, दावणीच्या कड्या, शेडचे खांब, पाण्याचा पाइप, मशीनची चौकट हे सगळं जीआय पट्टीने एकमेकांना आणि त्या अर्थिंगला जोडा. तुमचा कोबा अजून व्हायचाय हे फार बरं झालं. कोब्यात लोखंडी जाळी टाका आणि ती दोन ठिकाणी याच पट्टीला वेल्ड करा. मग जमीन आणि लोखंड यांच्यात फरकच राहत नाही आणि गाईला झटका बसायला कारण उरत नाही. कोबा झाल्यावर हे करता येणार नाही, म्हणून गवंडी येण्याआधी हे काम उरका.

न्यूट्रल गेला म्हणून अर्थिंगवरच दिवे चालवणं, किंवा एकच तार नेऊन परतीची वीज जमिनीतून घेणं, हे शेतात सर्रास चालतं. गोठ्यात ते कधीही करू नका. ती वीज गाईच्या पायाखालूनच परत जाते. गोठ्यातल्या पेटीत न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडायचे नाहीत, तसं केलं तर आरसीसीबी सारखा पडत राहतो आणि मग कुणीतरी तो काढून थेट वायर लावतो.

पेटी सात फुटांवर, झाकणाची, धूळ आणि पाणी न शिरणारी घ्या. २५ स्क्वेअरची तार एमसीबीच्या खाचेत कोंबू नका, पिन प्रकारचा लग क्रिम्प करून बसवा. हे सगळं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्या आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट घ्या. भार वाढवायच्या अर्जालाही तो लागतो.

तुमच्या जुन्या ९० मीटर तुकड्याचं म्हणाल, तर दोन्ही टोकांकडून अर्धा-अर्धा मीटर कापून तारा बघा. चकचकीत निघाल्या आणि मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) रीडिंग चांगलं आलं तर तो विहिरीवरच्या दिव्यासाठी किंवा अंगणातल्या खांबासाठी वापरा. २ अँपिअरला १० स्क्वेअर भरपूर झाली.

माती ढकलण्याआधी मेगर लावा. चरात केबल टाकल्यावर, दोन्ही टोकं मोकळी ठेवून, १००० व्होल्टच्या मेगरने कोअर-कोअर आणि कोअर-आर्मर असं मोजा. नव्या केबलला शेकडो मेगाओहम यायला हवेत. दहा-वीसवर आलं तर कुठेतरी आवरण फाटलंय किंवा पाणी शिरलंय, तेव्हा माती टाकूच नका. विटा मांडून झाल्यावर पुन्हा एकदा मोजा, कारण वीट टाकतानाच इजा होते. दर दहा मीटरला, बांधापासूनचं अंतर दिसेल असा टेप ठेवून फोटो काढा आणि ते गोठ्याच्या पेटीच्या झाकणामागे छापून चिकटवा.

वीज सोडल्यावर पहिल्याच संध्याकाळी, सगळ्यांच्या घरात दिवे लागलेले असताना, कुट्टी चारा घालून चालवा. एक माणूस घरच्या पेटीजवळ आणि एक गोठ्यात, दोघांनी एकाच वेळी व्होल्टेज मोजा. फरक सात-आठ व्होल्टचा आला पाहिजे. बारा-पंधरा आला तर मेन बंद करा आणि आधी दोन्ही पेट्यांतले लग हाताने चाचपा. जो जास्त गरम लागेल तो सैल आहे.